वत्सूच्या नावापुढच्या खुणा

चि. अजित आणि चि. नंदिनी यांस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र आणि फोटो मंगळवारी मिळाला. रबराची फुगवलेली होडी, डोक्यांवर पिवळी हेल्मेटं, अंगात नारिंगी जाकिटं, दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मध्ये पांढरं पाणी. फोटोच्या मागे नंदूने लिहिलं आहे – ‘बरोबर गाइड होता, अजिबात भीती वाटली नाही. आजी, तू कधी असं काही केलंयस का?’

केलं आहे. एकदा.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण गेल्या महिन्यात जोगांच्या माई गेल्या. त्या दिवशी तराफ्यावर जी माणसं होती त्यांतलं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. पुढच्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. तरी नीट दिसतंय तोवर लिहून ठेवते. तुमच्या वडिलांना यातलं अर्धंच माहीत आहे... त्यांची वत्सूआत्या लग्नाआधी नदीत बुडून गेली, एवढंच. उरलेलं अर्धं आम्ही घरात कधी काढलं नाही.

आधी एक सांगते. मी असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. कोकणात राहून हे तितकं सोपं नाही. आमच्याकडे प्रत्येक वडाखाली, प्रत्येक व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वळणावर कोणी ना कोणी बसवून ठेवलेलं असतं. शेजारणी त्या कथा सांगत तेव्हा मी समोर बसून तांदूळ निवडत असे आणि मनात म्हणत असे की याला पुरावा काय. मी मॅट्रिक झालेली होते, इंग्रजी पुस्तकं वाचत होते, घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावत होते. आजही माझं मत बदललेलं नाही. फक्त एका दिवसापुरतं माझ्याकडे उत्तर नाही.

साल एकोणीसशे तीस, कार्तिक महिना. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. आम्ही रत्नागिरीत राहत होतो. तुमचे आजोबा शाळेत इंग्रजी शिकवत. घरात सासूबाई आणि माझी नणंद वत्सला, म्हणजे वत्सू. ती सोळा वर्षांची होती. वेळणेश्वरच्या एका घरात तिचं लग्न ठरलं होतं, माघात व्हायचं होतं. वत्सू विसराळू होती. जिथे बसायची तिथे काहीतरी ठेवून यायची – फणी, वाटी, एकदा तर स्वतःची पाटली. मी मागून गोळा करत जायची. ती मला म्हणायची, “वहिनी, तुला वर न्यायला यमदूत आले ना, तरी तू त्यांना आधी यादी दाखव म्हणशील.”

कार्तिकात आवळीभोजन करतात. आवळ्याच्या झाडाची पूजा करायची आणि त्याच्याच सावलीत बसून जेवायचं. त्या वर्षी आजोबांच्या शाळेतल्या जोगमास्तरांनी टूम काढली, की जवळच्या बागेत कशाला, काजळी नदीच्या वरच्या अंगाला जाऊ. तिथे आवळ्याची झाडं आहेत, आणि येताना चालत न येता तराफ्यावरून घळीतून खाली येऊ. घळ पाहण्यासारखी आहे. तराफेवाला त्यांच्या ओळखीचा होता. हसनभाई त्याचं नाव. रानातले कळक, म्हणजे जाड बांबू, तोडले की तो आणि त्याचा भाऊ इस्माईल त्यांचे तराफे बांधून पाण्यावरून खाली भाट्याच्या खाडीपर्यंत आणत. हौशी माणसं असली तर बसवूनही आणत.

निघताना सासूबाई दारापर्यंत आल्या. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून त्या येणार नव्हत्या. त्या मला म्हणाल्या, “वत्सूला तुझ्या स्वाधीन करते हो. तिचं लक्ष वाऱ्यावर असतं. जशी नेतेस तशी आण.”

मी म्हटलं, “आणीन.”

आम्ही नऊ जण होतो. आजोबा, मी, वत्सू, जोगमास्तर, त्यांची पत्नी माई आणि माईंच्या माहेरच्या चौघी. मी एका वहीत नऊ नावं लिहून घेतली होती, पुढे रेघा मारून रकाने पाडले होते. तशी काही गरज नव्हती. मला सवय होती.

पालीपर्यंत सर्व्हिस मोटारीने गेलो. पालीला बाजारात केळी घेतली आणि तिथून भातखाचरांतून चालत नदीवर. कापणी झाली होती, सगळीकडे पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या. ऊन छान होतं. आवळ्याचं झाड नदीच्या अगदी कडेला होतं. त्याच्या खाली पाणी संथ आणि खोल होतं. अशा डोहाला आमच्याकडे कोंड म्हणतात. पूजा झाली, झाडाला सूत गुंडाळलं, स्वयंपाक झाला, जेवणं झाली. वत्सू हिरवं लुगडं नेसली होती. ती माईंना वाढताना म्हणाली, “माई, अजून एक पोळी घ्या. तराफा जड झाला की हळू जातो म्हणे.” माई म्हणाल्या, “तू सासरी गेलीस की कळेल तुला पोळी कशी आग्रहाने वाढायची ते.” सगळ्या हसल्या. हे सगळं मला स्वच्छ आठवतं. त्यानंतरचंही आठवतं, पण काचेतून बघितल्यासारखं.

तराफा कोंडाच्या खालच्या अंगाला, मोठ्या खडकापलीकडे बांधलेला होता. जेवलो तिथून तो दिसत नव्हता, आणि तिथून झाड दिसत नव्हतं. अंतर तीस-चाळीस पावलांचं. तराफा लांब आणि अरुंद होता, कारण घळ अरुंद. एकामागे एक असं बसायचं, तोंड पुढे, आणि प्रत्येकाने हात पुढच्याच्या खांद्यांवर ठेवायचे. पुढे हसनभाई लांब काठी घेऊन उभा, मागे इस्माईल दुसरी काठी घेऊन. इस्माईलला कानाने फार कमी ऐकू येई. दोघे खुणांनी बोलत.

हसनभाई पन्नाशीचा असेल. पांढरी दाढी, डोक्याला फडकं. त्याने आम्हाला काठावर उभं केलं आणि सांगितलं, “येकेक करून या. मी हात धरून चढवतो. मनगट धरला की आकडा बोलतो. खालती उतरवताना पन तसाच. आजपत्तुर माझा मानूस कमी नाय झाला.” मग म्हणाला, “आणि बसल्यावर मान फिरवायची नाय हां. कोणी हाक मारली तरी नाय. एक मानूस वळला की तराफा कलंडतो.”

कोणी पुढे झालं नाही. माईंच्या माहेरच्या चौघींनी एकमेकींकडे बघितलं. माई हळूच म्हणाल्या, “अगोबाई, म्हणजे घरी जाऊन पुन्हा आंघोळ.” एक जण पदर तोंडाला लावून हसली.

त्या काळी आमच्यासारख्या घरातल्या बायका परधर्माच्या माणसाच्या हाताला हात लावत नसत. मी शिकलेली होते. मला ते सगळं खुळचट आहे हे कळत होतं. पण मी हात पुढे केला नाही. मी सगळ्यांची अडचण सोडवली. मी म्हटलं, “हसनभाई, हात धरायला नको. माझ्याकडे यादी आहे. मी नावं घेते, ज्याचं त्याने ओ द्यायची. आकडा पक्का राहील.”

त्याने वहीकडे बघितलं. “लिवलेला हाय?”

“हो.”

“मग बरा,” तो म्हणाला. “घळीत तीन वेळा बोलवा. तोंडाशी, मधी आणि सुटताना. मी सांगन तवा.” आणि बायका लुगडी वर खोचून चढायला लागल्या तसा तो तोंड फिरवून पलीकडच्या काठाकडे बघत उभा राहिला. तो सभ्य माणूस होता.

पुढे जोगमास्तर आणि आजोबा बसले, मग माई, मग त्या चौघी, मग मी. वत्सू सगळ्यात शेवटी बसणार होती, तिनेच तसं मागून घेतलं होतं. मी पाय ठेवणार इतक्यात ती म्हणाली, “वहिनी, पूजेची पळी धुवायच्या दगडावरच राहिली. आलेच.”

“लवकर ये,” मी म्हटलं, आणि बसले.

वही मांडीवर घेतली. डावा हात पुढच्या बाईच्या खांद्यावर, उजव्यात पेन्सिल. मान पुढे. थोड्या वेळाने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात आले. ओले होते. पळी धुऊन आली असणार, असं मला वाटलं. मी विचारलं, “मिळाली का?” तिने उत्तर दिलं नाही, खांदे जरासे दाबले. मी ते हो असं धरलं.

मग मी नावं घेतली. जोगमास्तर म्हणाले, “प्रेझेंट.” माई म्हणाल्या, “मास्तर, शाळा सुटली, आता ओ म्हणा.” आजोबांनी ओ दिली. त्या चौघींनी एकेक करून दिली. शेवटी मी म्हटलं, “वत्सला.” माझ्या मागून ओ आली. तिचाच आवाज. मी स्वतःच्या नावापुढे आणि तिच्या नावापुढे खूण केली आणि म्हटलं, “नऊ.”

मागे इस्माईलने दोर सोडला आणि चढला. तराफा हलला.

घळ म्हणजे सुमारे दीड मैल काळा कातळ, दोन्ही बाजूंना उभा. वर आकाशाची पट्टी, मधूनच तीही झाडांनी झाकलेली. पाणी हिरवं आणि थंड. भिंतींतून बारीक झरे गळत होते, शेवाळाला वास होता. तुमच्या फोटोतल्यासारखं फेसाळलेलं पाणी फक्त दोन ठिकाणी. बाकी तराफा गुपचूप सरकत होता. बोललेलं सगळं भिंतीवरून परत यायचं.

तोंडाशी आल्यावर हसनभाई म्हणाला, “बोलवा.” मी बोलावलं. माझी धरून नऊ ओ आल्या. मी नऊ खुणा केल्या.

मध्ये घळ इतकी अरुंद होते की दोन्ही हात लांब केले तर दोन्ही भिंती लागतील. तिथे दुपारी तीन वाजता संध्याकाळ होती. “बोलवा.” पुन्हा नऊ. माईंनी सुद्धा या वेळी चेष्टा केली नाही. वत्सूची ओ जरा हळू आली. खांद्यांवरचे हात गार होते. मला वाटलं हिला थंडी वाजते आहे, खाली गेल्यावर शाल देऊ. शाल माझ्याच पिशवीत होती.

नंतर कित्येक वर्षांनी मला असं वाटायला लागलं की सगळ्यांच्या ओ भिंतीवरून परत येत होत्या, तिची येत नव्हती. पण हे मी शपथेवर सांगणार नाही. माणूस मागाहून पुष्कळ भर घालतो.

सुटतानाच्या जागी मोठं वळण आहे आणि पाण्याला उतार आहे. तिथे खांद्यांवरचं वजन एकदम कमी झाल्यासारखं वाटलं. हात उचलले नव्हते, होते, पण लुगड्याचा पदर असावा तेवढेच. हसनभाई ओरडला, “बोलवा.” मी घाईने नावं घेतली. शेवटी म्हटलं, “वत्सला.” उत्तर आलं नाही. मी पुन्हा म्हटलं, “वत्सू?” आणि माझी मान वळायला लागली. हे मला पक्कं आठवतं. हनुवटी डाव्या खांद्यापर्यंत आली होती.

तेव्हा ती म्हणाली, “मी आहे, वहिनी. तू पुढे बघ.”

मी पुढे बघितलं. तराफा वळणात घुसला, कातळाला घासला, सगळ्या बायका एका बाजूला झुकल्या, आणि मग आम्ही उघड्यावर आलो. समोर रुंद पाणी, ऊन, माडाची बाग. माझी पेन्सिल कागदावर होती. मी खूण केली. चौथी.

भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे उतरायचं होतं. पुढे होडीने भाट्याला. तराफा वाळूला लागला. इस्माईल आधीच पाण्यात उतरून दोर ओढत होता. मी पाचवा रकाना काढून बसल्या बसल्या नावं घ्यायला सुरुवात केली. आठ ओ आल्या. नवव्या वेळी काही आलं नाही. मग मी वळले. आता वळायला हरकत नव्हती.

माझ्या मागची जागा रिकामी होती. कळक ओले होते, पण ते सगळीकडेच ओले होते.

त्यानंतरचे दोन तास मी तुम्हाला नीट सांगू शकणार नाही. आजोबा आणि जोगमास्तर पाण्यात उतरले, घळ सुटते त्या वळणापर्यंत पाणी कापत गेले. हसनभाईने इस्माईलला खुणांनी विचारलं. इस्माईलने हातांनी दाखवलं – इथे बसली होती, हिरवं लुगडं, पाठ त्याच्याकडे. आणि आणखी एक खूण केली, केसांवरून हात फिरवून बोटं झटकली. हसनभाई सांगेना. आजोबांनी तीनदा विचारल्यावर म्हणाला, “बोलतो, ती बसली तवाच भिजलेली होती. डोक्यापासना.”

आजोबा म्हणाले, “उतरली कधी?”

इस्माईलला ते माहीत नव्हतं. वळणात तो खडकाकडे बघत होता. त्यानंतर दोराकडे.

अंधार पडायच्या आत सगळं पात्र खालपर्यंत बघून झालं. पाणी तिथे कमरेएवढंच होतं. काही मिळालं नाही. माईंनी माझा हात धरून मला होडीत बसवलं. शाल पिशवीतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसनभाई घरी आला. अंगणातच उभा राहिला, वर आला नाही. आजोबा बाहेर गेले, मी दारात होते. तो म्हणाला, “मास्तर, मिळाली. वरती.”

“वरती म्हणजे?”

“कोंडात. आवळ्याखालती. धुवायच्या दगडाशी. शेवाळावरना पाय गेला असन.” मग म्हणाला, “कमरेला पळी खोचलेली हाय.”

आजोबा खाली पायरीवर बसले. मी विचारलं, “तुम्ही वर का शोधलंत? आम्ही सगळे खालीच शोधत होतो.”

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, “बाय, तराफा हलका होता. नऊ मानसा बसली की पानी आडव्या कळकाच्या वरती येतो. काल आला नाय. निघाल्यापासना मना कळत होता. आठाचा तराफा होता तो. पायाला कळतो.”

“मग तुम्ही थांबवला का नाहीत?”

“तुमी नऊ बोललात ना,” तो म्हणाला. “वहीत लिवलेला होता. मना वाटला, शिकलेल्या बाईनं हजेरी घेतली, म्हंजी मीच चुकलो.”

एवढं सांगून तो गेला. मी आत आले आणि भात लावला. घरात माणसं येणार होती. मी रडले नाही. त्या दिवशी नाही, बाराव्या दिवशी नाही, पुढेही नाही. लोकांना ते बरं दिसलं नसेल. मला काही वाटतच नव्हतं, हात-पाय आपले चालत होते. डब्यांवरच्या चिठ्ठ्या नव्या लिहिल्या. नंतर तुमचे वडील झाले, घर भरलं, मी हसायलाही लागले. पण ते जे बधिर झालं ते पूर्ण उतरलं असं म्हणता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल की याला काहीतरी कारण असेल. आजोबांनीही तेच म्हटलं. त्यांनी महिनाभर दुसरं काही केलं नाही. आधी त्यांना वाटलं, ती घळीच्या तोंडाशी पडली असेल आणि पाण्याच्या भोवऱ्याने मागे गेली असेल. पण कोंड आणि घळ यांच्या मध्ये पाणी पुरुषभर उंचीवरून खाली पडतं, रिकामा तराफा तिथून आधीच बाजूच्या चाकोरीने दोर लावून खाली उतरवून ठेवतात, मग माणसं बसतात. तिथून ओंडकासुद्धा मागे जात नाही. मग त्यांनी हसनभाईबरोबर पुन्हा घळीतून जाऊन निरनिराळ्या जागी ओरडून बघितलं. प्रतिध्वनी येतो, पण आपण बोललेलाच येतो. ‘तू पुढे बघ’ असं कोणी बोललं नव्हतं. मी त्या चौघींना एकेकीला वेगळं गाठून विचारलं, की तुमच्यापैकी कोणी चेष्टेने तिच्या नावाची ओ दिली का. चौघी नाही म्हणाल्या, आणि त्यांना वत्सूचा आवाज काढता येण्याइतकी तिची ओळखही नव्हती. माई मला म्हणाल्या, “मी तिचं शेवटचं वाक्य ऐकलंय. मला कोणी वेड्यात काढलं तरी चालेल.” जोगमास्तर म्हणाले की सवयीने कान भरून काढतात. शक्य आहे. मग खांदे कसले भरून काढतात ते त्यांनी सांगितलं नाही.

आजोबांनी एकदाच विचारलं, “तू तिला चढताना पाहिलं होतंस का?”

मी म्हटलं, “नाही.”

त्यांनी मान हलवली. त्यावरून त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. तेरावा झाल्यावर त्यांनी मला ती वही आणायला सांगितली. “यात तिचं नाव कुठे आहे?” मी दाखवलं. शेवटची ओळ. त्यांनी बोटाने एकेक खूण मोजली. चार. मग पाचव्या, रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या, “इथे तू आधी नाव घेतलंस की आधी वळलीस?”

“आधी नाव घेतलं.”

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “म्हणजे तू वळलीस म्हणून ती गेली नाही.” ‘जशी नेतेस तशी आण’ हे वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही आणि मीही नाही. पुढे दर कार्तिकात त्या वही मागून घेत, ती ओळ बघत आणि परत देत. त्या गेल्या तोपर्यंत हे चाललं.

हसनभाईला मी आणखी एकदाच पाहिलं. पाच-सहा वर्षांनी, भाट्याच्या तरीवर. तुमचे वडील तेव्हा तान्हे, माझ्या कडेवर. तराफ्याचं काम सोडून तो तरीवर लागला होता. दाढी पूर्ण पांढरी, डोळ्यांना कमी दिसत असावं. काठावर उभा राहून तो माणसांची मनगटं धरून चढवत होता आणि आकडे म्हणत होता. पुरुष हात देत होते. बायका त्याचा हात टाळून दुसऱ्या अंगाने चढत होत्या, आणि त्या चढल्या तसा तो तोंड फिरवत नव्हता आता, बघत होता. एकेकीवर नजर ठेवून होता.

माझी पाळी आली. बरोबर शेजारच्या दोघी होत्या, काठावर ओळखीची माणसं होती. मी मूल डाव्या कडेवर घेतलं आणि उजवा हात पुढे केला.

त्याने मनगट धरलं. हात खरखरीत आणि कोरडा होता. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. आकडा म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि तो थांबला. मग माझ्या कडेवरच्या मुलाच्या पायालाही बोट लावलं.

“सात,” तो म्हणाला. “आठ.”

पलीकडे उतरताना त्याने तसंच आम्हा दोघांनाही मोजलं. मी घरी जाऊन आंघोळ केली नाही.

मुलांनो, तुम्ही त्या रबरी होडीतून गेलात ते चांगलं केलंत. तुमचा गाइड हात धरून बसवत असेल तर त्याला हात द्या, आणि मागे कोण बसलं आहे ते निघायच्या आधी डोळ्यांनी बघून घ्या. माझ्याकडून सांगण्यासारखं एवढंच. त्या दिवशी माझ्या मागे कोण बसलं होतं, मला ‘पुढे बघ’ कोण म्हणालं आणि तसं म्हटलं नसतं तर वळणात आमचं काय झालं असतं, हे मला माहीत नाही. पन्नास वर्षं विचार करूनही माहीत नाही, आणि कळेल असंही आता वाटत नाही.

आवळ्याचं झाड एका पुरात गेलं. पळी सासूबाईंनी नदीतच सोडली. हिरवं लुगडं ठेवलं नाही. वही माझ्या कपाटाच्या वरच्या खणात, मेणकापडात गुंडाळलेली आहे. एका पानावर नऊ नावं आहेत. आठ नावांपुढे पाच-पाच खुणा आहेत, नवव्यापुढे चार. पेन्सिलीच्या आहेत, पण अजून स्वच्छ दिसतात.